वाघ मंगळवारी बंद असतो

चंद्रपुरात घर असलेल्या माणसाला नातेवाईक दोनदा भेटतात. लग्नात आणि मे महिन्यात. लग्नातले जेवून जातात, मे महिन्यातले वाघ मागतात.

सेहेचाळीस अंशांच्या उन्हात इथे कुणी हौसेनं येत नाही. थर्मल वीजकेंद्राची राख, खाणींची धूळ, दुपारी बारा ते पाच संचारबंदी लागल्यासारखे रस्ते. आम्ही इथेच जन्मलो म्हणून राहतो. पण एप्रिल लागला की पुणं, ठाणं, नाशिक इथून फोन सुरू होतात. आधी माझ्या तब्येतीची चौकशी, मग मामीच्या गुडघ्यांची आणि तिसऱ्या वाक्याला ताडोबा. "मामा, गेटवर तुमची काही ओळख आहे का?" पस्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. माझी पोरं वनखात्यात आहेत, थर्मलमध्ये आहेत, खाणीत आहेत, जिप्सी चालवतात. म्हणजे ओळख आहे. पण ती वाघाशी नाही, हे काही कुणाला पटत नाही.

२०२५च्या मे महिन्यात माझ्या भाच्यानं मात्र कळस केला. हा पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे. लोकांचा वेळ कुठे वाया जातो ते शोधून काढणं हे त्याचं काम. (त्याचा स्वतःचा कुठे जातो ते भाचेसूनबाईंना ठाऊक.) निघण्याआधी त्यानं मला एक तक्ता पाठवला. रंगीत. पहाटे साडेतीनला उठणे. चार दहाला प्रस्थान. गेटवर पहिल्या पाचांत गाडी. आत शिरल्यापासून पन्नास मिनिटं वाघ. पुढची तीस मिनिटं अस्वल. मग पंधरा मिनिटं नाश्ता. त्यानंतर बिबट्या, कंसात 'जमल्यास'. दुपारी सक्तीची झोप. संध्याकाळी दुसऱ्या गेटनं दुसरा वाघ, 'शक्यतो पिल्लांसह'. शेवटचा रकाना होता पर्यायाचा. त्यात लिहिलं होतं : मगर.

हे कुठून आलं ते मला नंतर कळलं. आदल्या वर्षी हे कुटुंब खोपोलीच्या इमॅजिकात गेलं होतं आणि तिथे याच पठ्ठ्याच्या तक्त्यानं सगळ्यांची वाहवा मिळवली होती. फाटक उघडताच सगळ्यात मोठ्या झोक्याकडे धावायचं, कारण पहिल्या तासात रांग छोटी असते. जेवण साडेअकरालाच उरकायचं, म्हणजे एक वाजता सगळं जग थाळी घेऊन उभं असताना आपण पाळण्यात. पोरांची उंची घरीच मोजून न्यायची, म्हणजे पट्टीपाशी रडारड नको. ओले कपडे दुपारनंतर. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरलेलं. मला यात काडीची चूक दिसत नाही. पाळणा लोखंडाचा असतो, बटण दाबलं की फिरतो, सगळ्यांसाठी सारखाच फिरतो. चौघांच्या तिकिटाला एवढे पैसे मोजून तिथे नियोजन न करणारा बाप बावळट म्हणायला हवा.

भाच्यानं एवढंच केलं, पाळण्याच्या जागी वाघ लिहिला.

पण भाच्याला एकट्याला काय म्हणून झोडपू? त्याला जे समोर दिसलं तेच त्यानं वाचलं. पहाटे कोणत्याही गेटवर जाऊन उभे राहा. मोहर्ली घ्या, कोलारा घ्या, खुटवंडा, नवेगाव, झरी, पांगडी. जिप्स्यांची रांग. मारुतीनं ही गाडी बनवणं काही वर्षांपूर्वीच सोडून दिलं, आमच्याकडे ती अमर आहे. गाडीत सहा पर्यटक, पुढे चालक आणि गाइड. हातात मूळ ओळखपत्र, बुकिंगवरच्या नावाबरहुकूम. गाभ्यात मोबाइल नेता येत नाही, म्हणून तो जमा करताना जीव जातोय असे चेहरे. शनिवार-रविवारचा दर चढा. बाजूला टोप्या, टी-शर्ट, चुंबकं, त्या सगळ्यांवर एकच तोंड. आणि दर दोन मिनिटांनी तोच प्रश्न, "काल कुठे दिसला?" खेळण्यांच्या बागेत याहून वेगळं काय असतं?

सुट्टीचा वारसुद्धा आहे. दर मंगळवारी ताडोबा बंद. हे ऐकून भाच्याच्या सहा वर्षांच्या पोरानं विचारलं, "मग वाघ मंगळवारी बंद असतो?" सगळे हसले. मी नाही हसलो. त्याच्या बापाच्या तक्त्यावरून कुणीही हाच निष्कर्ष काढला असता.

जंगलाचा हा कारभार बुकिंगच्या खिडकीवर किती आला आहे ते पाहायचं असेल तर २०२३ आठवा. ऑनलाइन बुकिंगचा ठेका घेतलेल्या कंपनीनं पर्यटकांकडून गोळा केलेल्या पैशांतले १२ कोटी १५ लाख रुपये प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाला दिलेच नाहीत, असा गुन्हा नोंदला गेला. बातमी वाचून मला धक्का बसला तो अफरातफरीचा नव्हे. अफरातफरी या देशात पावसासारखी येते. वाघ पाहण्याच्या रांगेत एवढा पैसा फिरतो आणि त्याच्या हिशोबावरून कोर्टकचेरी होते, ह्याचा. ज्या जंगलात आमचे आजोबा मोहफुलं वेचायला फुकट जात, त्याचं हे तिकीटघर.

पुढच्याच वर्षी, मार्च २०२४मध्ये, चंद्रपुरात ताडोबा महोत्सव झाला. गायक आले, नट्या आल्या. आणि ६५,७२४ रोपं मांडून 'भारतमाता' हा शब्द लिहिला गेला. गिनीज बुकात नोंद झाली. रोपं लावली नव्हती, मांडली होती. फरक बारीक आहे. पण माझ्यासारख्या भूगोलाच्या मास्तराला तो खुपतो. झाडांनी अक्षरं गिरवायची, ती वरून दिसायला हवीत आणि मोजणाऱ्यानं मोजून कागद द्यायचा. कुणाच्या डोक्यात हे आलं असेल? माझी खात्री आहे, त्याच्याकडेही रंगीत तक्ता असणार.

आता आत चला. कोणत्या गेटनं गेलो ते लिहीत नाही. तिथला चालक माझा विद्यार्थी आहे आणि त्याला मे महिनाभर पोट भरायचं आहे.

ताडोबाचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा, भोवतालचं बफर अकराशेच्या घरात. गाभ्याचा फार तर पाचवा हिस्सा पर्यटनाला खुला ठेवावा, असं २०१२ साली सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणानंतर आलेली केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणजे सगळ्या जिप्स्या ठरलेल्या रस्त्यांवर, ठरलेल्या पाणवठ्यांभोवती. उन्हाळ्यात नाले आटतात, वाघ पाण्यावर येतो, कृत्रिम पाणवठ्यांवर तर हमखास. म्हणून मे महिना भरवशाचा. गाइड कान लावून बसते. चितळ ओरडलं, वानर खाकरलं, सांबरानं ढोंक दिली की त्याला 'कॉल' म्हणायचं. एका गाडीला कॉल मिळाला की बाकीच्यांना कसा कळतो ते मला आजवर उमगलेलं नाही. मोबाइल तर गेटवर जमा आहेत! पण कळतो. समोरून येणारा चालक नुसती मान हलवतो आणि आमचा चालक गिअर टाकतो.

पाच मिनिटांत आम्ही चौदा गाड्या होतो. मी मोजल्या, कारण दुसरं काही दिसतच नव्हतं. पुढच्या गाडीत चार जण बाकावर उभे. त्यांतल्या एकाकडे लहान तोफेएवढी लेन्स. गाड्या मागे-पुढे, मागे-पुढे. धुळीचा असा लोट उठला की माझ्या नातीनं ओढणी नाकाला लावली. कुणीतरी दबक्या आवाजात "हेड-ऑन, हेड-ऑन" म्हणत होतं. म्हणजे वाघीण रस्त्यानं समोरून चालत येत होती. वाघाला आमचे रस्ते आवडतात. धूळ मऊ असते, काटे टोचत नाहीत. तिला पलीकडे जायचं होतं. तिनं तीनदा दिशा बदलली. चौथ्यांदा दोन गाड्यांमधल्या फटीतून, मान खाली घालून, लग्नाच्या मांडवातून वाट काढणाऱ्या गरीब पाहुणीसारखी ती निघून गेली. चाळीस सेकंद. भाच्यानं घड्याळ पाहिलं. "पन्नास मिनिटांच्या आत," तो म्हणाला.

नऊ वर्षांच्या नातीला काय दिसलं ते मी विचारलं. "त्या काकांची पाठ."

हे एका सकाळचं किंवा एका चालकाचं पाप नव्हे. ३१ डिसेंबर २०२४ला शेजारच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिची पाच पिल्लं अशीच जिप्स्यांच्या दोन फळ्यांमध्ये अडकली. चित्रफीत फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालक-गाइड निलंबित झाले. बरोबरच झालं. पण गाडीत मागे उभे राहून "भाऊ, अजून थोडं पुढे घे ना" म्हणणारा कधी निलंबित होतो का? चालकाला ठाऊक असतं, वाघ दिसला तर उतरताना हातात नोट पडते. नाही दिसला तर साहेब तोंड फिरवून उतरतात आणि रात्री त्याच्या नावानं शिमगा करतात. पाळणा बंद पडला तर माणूस पैसे परत मागतो. इथे परत मिळत नाहीत, म्हणून राग चालकावर निघतो.

वाघीण गेल्यावर गाइड पोरगी उत्साहात होती. जवळच्याच गावची, नऊवारी नेसणाऱ्या आईची खाकीतली लेक. तिनं रस्त्याकडेचे जुने दगडी खांब दाखवले. गोंड राजांच्या काळातले. त्यांतून दोर ओवून घंटा वाजवत आणि राजाची स्वारी आल्याची वर्दी पुढे जाई, असं इथे सांगतात. भाचा म्हणाला, "अस्वल कुठे मिळेल?" तिनं पांढऱ्याफटक खोडाचं झाड दाखवलं, उन्हाळ्यात पानं गाळून उभं राहतं म्हणून त्याला भुताचं झाड म्हणतात. "ओके, पुढे." तिनं एक मोठं गवताळ मैदान दाखवून जामणी म्हटलं. भाचा लगेच ताठ बसला, कारण जामणी हे वाघ दिसण्याचं नावाजलेलं ठिकाण आहे. ती सांगू लागली की इथे गाव होतं. ते वाक्य तिचं तिलाच पुरं करावं लागलं.

गाव होतं म्हणजे धानाचे बांध होते, ढोरं होती, मारुतीचा पार होता. गाभ्यातली बोटेझरी उठली, नवेगाव उठलं, दहा-अकरा वर्षांपूर्वी जामणी उठलं. बांध सपाट झाले, गवत आलं, गवतामागे चितळ आणि चितळामागे वाघ. पुनर्वसन काहींना मानवलंही, मी नाही म्हणत नाही. शाळा, दवाखाना, डांबरी रस्ता कुणाला नको असतो? पण ज्या कुरणात आपण पाच मिनिटं डोळे फाडून बसतो ते एखाद्याचं परसदार होतं, एवढं ऐकून घ्यायला किती वेळ लागतो? तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

आणि ज्याच्या नावानं हा सगळा बाजार मांडला आहे, तो तारू. आदिवासींचा देव. कथा अशी की तारू गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. तलावाकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात त्याची जत्रा. म्हणजे ताडोबा हे वाघाचं नाव नाही. वाघानं मारलेल्या माणसाचं आहे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा आणि नंतर व्याघ्रप्रकल्प झाला तेव्हाही नाव तेच राहिलं. टी-शर्टवर मात्र तो कुठेही नाही.

परतताना बफरमधल्या एका गावाजवळ आमची गाडी थांबली. माझ्या धाकट्या पाहुण्याला लघवी लागली होती (तक्त्यात 'नैसर्गिक थांबा', सात मिनिटं). समोरून चार बाया येत होत्या. डोक्यावर तेंदूच्या पानांची गाठोडी, पायात रबरी चपला, पदर खोचलेले. त्या पहाटे, आम्ही निघालो त्याच सुमाराला निघाल्या असणार. तेंदूपत्त्याचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पान कोवळं असतानाच तोडायचं, घरी आणून सत्तर-सत्तरचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. जितकं आधी जंगलात पोचाल तितकं पान जास्त. त्यांच्याकडेही काटेकोर वेळापत्रक होतं, फक्त रंगीत नव्हतं.

नात खाली उतरली आणि तिनं त्यातल्या वयस्क बाईला विचारलं, "आजी, तुम्हाला दिसला का वाघ?"

बाई थांबली. गाठोडं सावरलं. "दिसू नये म्हणून तं मोठ्यानं बोलत बोलत जातो जी आमी."

घरी आलो तर दारात वर्तमानपत्र पडलेलं. रविवार, ११ मे. वरच्या बाजूला भारत-पाक शस्त्रसंधीचे मोठे मथळे आणि खाली आमच्या जिल्ह्याची बातमी. आदल्या दिवशी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-मालच्या तीन बाया तेंदूपत्ता तोडायला गेल्या होत्या आणि तिघीही एकाच ठिकाणी वाघिणीच्या हल्ल्यात मेल्या. त्यांत एक सासू होती, एक तिची सून. मी मोठ्यानं वाचली. मामी पोळ्या लाटता लाटता थांबली. भाचा अंगठ्यानं कॅमेऱ्यातले फोटो सरकवत होता. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "ही कोणत्या गेटची वाघीण?"

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हेच भयंकर आहे. त्याच्या लेखी प्रत्येक वाघाला एक गेट असतं.

गेटबाहेरच्या वाघाला मात्र मंगळवार नाही. चंद्रपूर जिल्ह्यातले निम्म्याहून अधिक वाघ असे आहेत की ज्यांचा ताडोबाच्या तिकिटाशी संबंध नाही. ते ब्रह्मपुरीच्या, सिंदेवाहीच्या, मूलच्या, सावलीच्या शेतांमधून फिरतात. थर्मलच्या आवारातल्या झुडपांत राहतात. फेब्रुवारी २०२२मध्ये तिथला एक कामगार रात्री पाळी संपवून घरी निघाला होता, त्याला वाघानं उचललं. शहराच्या दिव्यांच्या उजेडात. जिथे २,९२० मेगावॉट वीज तयार होते तिथे. त्याच वर्षी वडसा, भंडारा, ब्रह्मपुरी या पट्ट्यात तेरा माणसं मारणारा सीटी-१ ऑक्टोबरमध्ये वडशाजवळ जेरबंद झाला. नाव पाहा : सीटी म्हणजे 'संघर्ष करणारा वाघ' याची इंग्रजी आद्याक्षरं. आत असतो तो वाघ माया, तारा, सोनम, मटकासूर. पर्यटक त्यांची नावं ठेवतात, वाढदिवस करतात, मेला तर हळहळतात. वाघडोह नावाचा बुजुर्ग नर २०२२च्या मे महिन्यात सिनाळ्याच्या जंगलात म्हातारा होऊन मेला तेव्हा देशभरातून श्रद्धांजल्या आल्या. बाहेरच्या वाघाला क्रमांक, आणि त्यानं मारलेल्या माणसाला 'एक शेतमजूर'.

मायाचं नाव घेतलं म्हणून तिचं पुढचंही सांगतो, कारण तिच्या चाहत्यांच्या मंडळात ते सहसा निघत नाही. २० नोव्हेंबर २०२१ला वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघाल्या होत्या. देशात वाघ किती, हे ज्या आकड्यावरून मोठ्या समारंभात जाहीर होतं, तो आकडा असा पायी चालून गोळा होतो. वाटेत वाघीण बसलेली दिसली. त्यांनी बाजूनं जायचा प्रयत्न केला. वाघिणीनं त्यांना मारलं. ती माया होती. जिप्सीतून तिला पाहण्यासाठी माणसं महिनोन् महिने आधी बुकिंग करत. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, टाळ्या पडल्या. त्या आकड्यामागे चाललेली ही पावलं कुणाला आठवली?

मला कुणी म्हणेल, मास्तर, पर्यटनावर गावं जगतात. जगतात. मी आंधळा नाही. माझा विद्यार्थी जिप्सीच्या पैशावर बहिणीचं लग्न करून मोकळा झाला. त्या खाकीतल्या पोरीला घरात मान आहे. वाघ जिवंत राहिला तर आपलं पोट चालेल हे गेटच्या गावांना उमगलं, त्यामुळे फासे कमी लागले, हेही खरं. पण हे सगळं गेटच्या गावाला. मेंढा-मालला कुठलं गेट? तिथे वाघ तोच, जंगल तेच, फक्त तिकीट नाही. तिथल्यांना मिळते मदत, माणूस मेल्यावर, २५ लाखांची. आणि 'जंगलात जाऊ नका' ही सूचना. मे महिन्यात, तेंदूच्या ऐन हंगामात, जंगलात जाऊ नका म्हणणं म्हणजे भाच्याला मार्चअखेर ऑफिसात जाऊ नको म्हणण्यासारखं आहे.

एक प्रश्न हे लोक जाताना हमखास विचारतात. "मामा, गडचिरोलीत काय आहे पाहण्यासारखं?" मी ठामपणे सांगतो, काही नाही. देवा, मला क्षमा कर. आलापल्लीजवळ आभाळाला टेकलेल्या सागांचा तो राखलेला तुकडा आहे, ग्लोरी ऑफ आलापल्ली, २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ झालेला. सिरोंचाकडे वडधमला झाडांचे दगड झालेले ओंडके आहेत. वैनगंगेच्या काठावर मार्कंडा आहे, महाशिवरात्रीला तिथे मुंगी शिरायलाही जागा नसते. कमलापूरला हत्ती आहेत; ते गुजरातेत न्यायचा घाट २०२२ साली घातला गेला तेव्हा गावं पेटून उठली. छत्तीसगडमार्गे २०२१मध्ये रानटी हत्ती आले, ते वेगळेच. धानोऱ्याकडे मेंढा-लेखा आहे, २००९ साली वनहक्क कायद्याखाली अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं गाव. तिथलं जंगल ग्रामसभा सांभाळते, तेंदूचा व्यवहारही ग्रामसभा ठरवते. हे सगळं मी लपवतो. कारण एकदा का भाच्याच्या तक्त्यात मेंढा-लेखा शिरलं की तिथे 'ग्रामसभा, वीस मिनिटं' असा रकाना येईल. गडचिरोलीत सध्या चोख नियोजन फक्त एकाच गोष्टीचं आहे : सुरजागडचं लोखंडाचं खनिज वाहून नेणाऱ्या ट्रकांचं. ते कधी उशिरा येत नाहीत.

तरी पाहुणा शेवटी घरचा. म्हणून मी भाच्याला पुढच्या वेळेसाठी माझा तक्ता पाठवला. रंग नाहीत, वहीच्या पानावर लिहून फोटो काढला.

उन्हाळ्यात येऊ नकोस. दिवाळीनंतर ये. एकच सफारी, तीही बफरची, आठवड्याच्या मधल्या वारी. पोरांना पुढच्या बाकावर बसव, तू मागे. गाइडला पहिला प्रश्न तिच्या गावाचा विचार, वाघाचा नाही. एका पाणवठ्यावर गाडी बंद करून बसायला सांग, आणि दुसरी गाडी कुठे धावली ते पाहू नकोस. पोरांना रानकुत्रे दिसतील, रानगवा दिसेल, नीलपंख दिसेल, किंवा झाडाझाडांमध्ये ताणलेलं कोळ्याचं जाळं. काहीच दिसलं नाही तर थंडी वाजेल, तीही पुण्याच्या पोरांना नवीन आहे. दुपारी चंद्रपूरच्या गोंड किल्ल्याचे दरवाजे पाहा, जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा, पठाणपुरा. राणी हिराईनं नवऱ्यासाठी, बिरशहासाठी, बांधलेली समाधी पाहा. ताजमहालाचे गोडवे गाणाऱ्यांना हे सहसा कुणी सांगत नाही. संध्याकाळी गाडी काढ आणि वडशाकडच्या एखाद्या गावात झाडीपट्टीचं नाटक बघ. रात्री दहाला सुरू होईल, पहाट होईल. गावभर पाहुणे, अंगावर शाली, पुढ्यात चहा. तिथे तुझं घड्याळ माझ्याकडे दे. आणि वाघ हवाच असेल, खात्रीनं, ठरलेल्या वेळेत, तर नागपूरला गोरेवाडा आहे. २६ जानेवारी २०२१ला उघडलं. बसमध्ये बसायचं, वाघ पाहायचा, अस्वल पाहायचं, उतरायचं. तिथे तुझा तक्ता शंभर टक्के चालेल, मी स्वतः येईन.

त्याचं उत्तर आलं, "मामा, मस्त! पण नाटक वन्स मोअर घेत लांबलं तर सकाळची सफारी हुकेल ना?"

आता मी एक युक्ती काढली आहे. गेटवर ओळख आहे का, असं कुणी विचारलं की म्हणतो, आहे ना, अगदी वरपर्यंत, पण फक्त मंगळवारची व्यवस्था होते. बहुतेक जण गोंधळून फोन ठेवतात. परवा ठाण्याहून एका साडूंचा आला. ते दोन क्षण थांबले आणि म्हणाले, "चालेल. मंगळवारी गर्दीही कमी असेल. करून टाका बुक."